चार पदरी जुनेर आणि पाण्यातले प्रवासी

पावसाळा सुरू झाला की नळाच्या पाण्याचा रंग बदलतो. विहिरीचे पाणी वर येते, ओढ्याला लाल गढूळ लोंढा येतो आणि घरोघरी पोटाच्या तक्रारी सुरू होतात. फार जुनी गोष्ट नाही, आपल्या आजीच्या काळापर्यंत या दिवसांत हंड्याच्या तोंडावर पांढरे फडके बांधलेले असायचे. ते फडके बहुधा एखाद्या विरलेल्या लुगड्याचे असे. पाणी ओतून झाले की आजी ते उलटे करून झटकी, खळखळून धुई आणि दोरीवर वाळत टाकी. तिला कोणी जंतुशास्त्र शिकवलेले नव्हते. पाणी गाळून घ्यावे एवढे तिला ठाऊक होते आणि तेवढ्यावर तिचे समाधान होते.

आता पाणी शुद्ध करणारे यंत्र भिंतीवर आले आणि फडके मागे पडले. त्या फडक्याला खरोखर काही अर्थ होता का, की ती नुसती मनाची समजूत होती, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. हाच प्रश्न एका नदीकाठच्या मुलुखात तीन वर्षे, पासष्ट गावांत, हजारो गृहिणींना सोबत घेऊन विचारला गेला. त्याचे जे उत्तर मिळाले, ते प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे असे आहे. त्या फडक्याने काय साधते हे त्यातून कळते, आणि काय साधत नाही हेही कळते. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

नदीच्या कुशीतली गावे

हा मुलूख बांगलादेशातला. ढाक्याच्या आग्नेयेला सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, मेघना नदीच्या खोऱ्यात मतलब नावाचा भाग आहे. तिथे नद्या, खाड्या, कालवे आणि घरामागची तळी यांचे जाळे आहे. पावसाळ्यात एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला नावेशिवाय गत्यंतर नसते. पिणे, रांधणे, भांडी घासणे, आंघोळ, कपडे धुणे, ही सगळी कामे त्याच पाण्यावर चालत. बाईच्या कमरेवरच्या पाण्याच्या भांड्याला तिथे ‘कोलशी’ म्हणतात. आपली कळशी आणि ती कोलशी या सख्ख्या बहिणीच.

या प्रदेशात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ दरवर्षी येते. एकदा वसंतात आणि पुन्हा पावसाळा ओसरताना. तिचा अभ्यास करण्यासाठी १९६३ साली मतलब येथे एक संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याला जोडून रुग्णालयही. १९६६पासून या भागातल्या घराघरांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवली जाऊ लागली. कोणत्या घरातला कोणता रुग्ण कधी दवाखान्यात आला, हे वर्षानुवर्षे तपासून पाहता यावे अशी सोय जगात फारच थोड्या ठिकाणी आहे. पुढच्या साऱ्या कथेला हाच आधार आहे.

पाणी उकळून प्या, असे सांगणे सोपे आहे. मतलबच्या गृहिणीला ते परवडण्याजोगे नव्हते. जळण दुर्मीळ होते. चुलीत घातलेली प्रत्येक काटकी आधी भातासाठी लागे. कूपनलिकांचा उपाय झाला, गावोगावी हातपंप बसले. परंतु १९९०च्या दशकात कळून चुकले की देशाच्या मोठ्या भागातील उथळ कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजेच सोमल, आहे. वरच्या पाण्यात पटकी आणि खालच्या पाण्यात विष, अशा कात्रीत ही कुटुंबे सापडली. म्हणून जळण लागणार नाही, पैसे लागणार नाहीत आणि उद्या सकाळपासून करता येईल, असा उपाय हवा होता.

जंतूचे वाहन

पटकीचा जंतू आपल्याला अनोळखी नाही. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात येऊन रुग्णांच्या आतड्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचा जीवाणू पाहिला आणि एका तळ्याच्या पाण्यातही तो शोधून काढला. तेव्हापासून पाणी आणि पटकी यांचा संबंध पक्का झाला. पण एक कोडे सुटत नव्हते. साथ ओसरल्यावर हा जंतू जातो कोठे? नदीच्या पाण्यात शोधावा तर सापडत नाही आणि ऋतू पालटला की पुन्हा अनेक गावांत जवळजवळ एकाच वेळी प्रकट होतो. आपल्याकडे या अचानक येण्याजाण्याचा संबंध मरीआईच्या कोपाशी लावला गेला. शास्त्रज्ञांपुढेही याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधण्यात अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि बांगलादेशी शास्त्रज्ञ अन्वर हक यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा जीवाणू पाण्यातला पाहुणा नसून तेथील रहिवासी आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो जिवंत राहतो, पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पद्धतीने वाढवू गेल्यास वाढत नाही. म्हणून तो नाहीसा झाला असा भास होतो. शिवाय तो एकटा भटकत नाही. पाण्यात तरंगणारे जे अतिसूक्ष्म जीव असतात, ज्यांना प्लवक म्हणतात, त्यांच्या अंगावर तो वस्ती करतो. त्यांतही कोपेपॉड नावाचे झिंग्याच्या दूरच्या नात्यातले इवलेसे प्राणी त्याला विशेष प्रिय. त्यांचे कवच कायटिन या पदार्थाचे असते आणि हा जीवाणू त्या कायटिनवर चिकटतो, त्यावर उपजीविकाही करतो.

आता मापांचा विचार करा. पटकीचा जीवाणू लांबीला एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा किंवा पाचशेवा भाग. त्याला कापडाने अडवणे म्हणजे मासेमारीच्या जाळ्याने मोहरी पकडणे. परंतु त्याचे वाहन, तो कोपेपॉड, पुष्कळदा अर्ध्या ते एक मिलिमीटरचा असतो. काचेच्या पेल्यातले तळ्याचे पाणी उजेडासमोर धरले तर झटके देत पोहणारा हा ठिपका नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. एका कोपेपॉडच्या अंगावर हजारो जीवाणू असू शकतात. पेलाभर पाण्यात असे मोजके प्राणी गेले, तरी माणूस आजारी पडण्याइतके जीवाणू पोटात जाऊ शकतात. जंतू अडवता येत नसेल, तर निदान त्याचे वाहन अडवता येईल का? संशोधनाची दिशा या प्रश्नाने ठरली.

प्रयोगशाळेतून पाणवठ्यावर

प्रथम प्रयोगशाळेत निरनिराळी कापडे तपासली गेली. बांगलादेशातील घराघरांत सहज मिळणारे कापड म्हणजे जुनी सुती साडी. काही घरांत सरबत गाळायला ती वापरलीही जात होती. साडीचा एकच पदर घेतला तर त्याची छिद्रे मोठी असतात. तीच साडी चार वेळा किंवा अधिक दुमडली की छिद्रांवर धागे येतात आणि सुमारे वीस मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडवणारी गाळणी तयार होते. प्लवकांना चिकटलेले पटकीचे जीवाणू या गाळणीने जवळजवळ ९९ टक्के दूर झाले. गंमत अशी की नव्या साडीपेक्षा जुनी साडी सरस ठरली. वारंवार धुतल्याने सुताचे तंतू सुटतात, फुलतात आणि छिद्रे बुजत जातात. आपल्या आज्यांनी गाळण्यासाठी जुनेर निवडले ते काटकसरीपोटी असेल. पण ती निवड शास्त्राच्या कसोटीलाही उतरली.

प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट स्वयंपाकघरात सिद्ध होतेच असे नाही. म्हणून १९९९ ते २००२ या काळात मतलबच्या ६५ गावांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकवस्तीत, हा उपाय प्रत्यक्ष पारखला गेला. गावांचे तीन गट केले. एका गटातील कुटुंबांनी घडी घातलेल्या साडीने पाणी गाळायचे, दुसऱ्याने नायलॉनच्या जाळीने, तर तिसऱ्या गटाने आपला नेहमीचा क्रम तसाच ठेवायचा, म्हणजे तुलना करता येईल. गावातील स्त्री कार्यकर्त्या घरोघरी जात. साडी कशी दुमडायची, कोलशीच्या तोंडावर कशी घट्ट बसवायची, गाळून झाल्यावर ती उलटी करून कशी धुवायची आणि उन्हात कशी वाळवायची, हे त्या करून दाखवत. पुन्हा पुन्हा भेटी देऊन कोण गाळते, कोण विसरते, कोणाला काय अडचण येते, याची नोंद करत. रुग्णालयात येणारे पटकीचे रुग्ण कोणत्या गटातल्या घरांतून आले, हे दुसरीकडे मोजले जाई.

निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. साडीने पाणी गाळणाऱ्या गटात पटकीचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ४८ टक्क्यांनी कमी होते. जवळजवळ निम्मे! औषध नाही, वीज नाही, जळण नाही. पेटीच्या तळाशी पडलेले जुनेर आणि दिवसाची काही मिनिटे, एवढाच खर्च.

शेजारधर्माचे गणित

अशा प्रकल्पांचा अनुभव आपल्याला आहे. कार्यकर्ते असतात तोवर उत्साह असतो. ते गेले की फलक गंजतो आणि सवय विरते. म्हणून पाच वर्षांनी संशोधक पुन्हा त्याच भागात गेले आणि पाणी भरणाऱ्या सात हजारांहून अधिक स्त्रियांना भेटले. मधल्या काळात कोणी आठवण करून द्यायला आले नव्हते, तरी ३१ टक्के स्त्रिया पाणी गाळत होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींच्या हातात साडीच होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, गाळणाऱ्या घरांतून पटकीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्के कमी दिसले. मात्र हा फरक योगायोगाचाही असू शकेल, इतका तो संख्याशास्त्राच्या दृष्टीने कच्चा होता आणि संशोधकांनी तसे स्पष्ट नमूद केले. असा प्रांजळपणा असला की निष्कर्षांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. स्वतः पाणी न गाळणारी, पण गाळणाऱ्या घरांच्या शेजारात राहणारी जी कुटुंबे होती, त्यांच्यातही पटकी कमी आढळली. कारण समजण्याजोगे आहे. एका घरात आजार टळला की त्या घरातून तळ्यात, नाल्यात, हातांवर आणि अन्नात जाणारे जंतूही टळतात. पाणी सामायिक असले की आजारही सामायिक असतो आणि खबरदारीचा लाभही. माझ्या घरी यंत्र आहे, बाहेरच्या पाण्याचे मला काय, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने याचा विचार करावा.

नारूची आठवण

हे सारे परक्या मुलुखातले वाटत असेल, तर आपल्याच घरातली एक आठवण काढू या. नारू हे नाव आजच्या मुलांना माहीत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पायावर फोड येऊन त्यातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर पडे. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढावा लागे आणि ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. महाराष्ट्रासह देशातील सात राज्यांत हा आजार होता.

नारूचा जंत सूक्ष्मजंतू नव्हे, परंतु त्याचेही वाहन एक कोपेपॉडच होते, सायक्लॉप्स. पायऱ्यांच्या विहिरीत किंवा बारवेत उतरून पाणी भरताना रुग्णाचा पाय पाण्यात बुडे, जंताची पिल्ले पाण्यात सुटत, सायक्लॉप्स ती गिळत आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने नवा नारू तयार होई. १९८३च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत पाणी दुपदरी कापडाने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवणे, पाण्यात औषध टाकणे आणि घरोघरी फिरून रुग्ण शोधणे, अशी कामे झाली. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या आजारावर लस नव्हती, नेमके औषधही नव्हते. तो हटला तो गावोगावच्या कार्यकर्त्यांनी रुग्णांचा माग काढल्यामुळे आणि पाणी भरणाऱ्यांनी आपली पद्धत बदलल्यामुळे.

फडक्याची मर्यादा

आता सावधगिरीची गोष्ट, आणि कृपया ही घाईने वाचू नका. मतलबचा अभ्यास वाचून ‘फडक्याने गाळले की पाणी निर्धोक’ असा समज करून घेतला तर अनर्थ होईल. साडीने जे साधले ते प्लवकांना चिकटून राहणाऱ्या पटकीच्या जीवाणूंबाबत, आणि तेही निम्म्यापर्यंतच. विषमज्वराचा जीवाणू पाण्यात मोकळा असेल तर कापडातून सहज पार होतो. काविळीचे ‘अ’ आणि ‘ई’ विषाणू तर जीवाणूपेक्षाही कितीतरी लहान. त्यांना कापड अडवू शकत नाही. जिआर्डियासारख्या एकपेशीय परजीवींच्या कोशिकाही निसटतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीसारखे संकट गाळण्याने टळणारे नाही.

मग आजच्या घरात फडक्याचे स्थान कोणते? पहिल्या पायरीचे. गढूळ पाण्यात टाकलेले क्लोरीन मातीशी आणि कचऱ्याशी झुंजण्यातच खर्ची पडते, जंतूंसाठी उरत नाही. आधी गाळलेल्या पाण्यात तेच क्लोरीन अधिक गुण देते. म्हणून क्रम असा ठेवावा : गाळणे, मग निर्जंतुक करणे, मग नीट साठवणे.

घरी काय करावे

गाळण्यासाठी स्वच्छ, जुने, सुती कापड घ्यावे. ते किमान चार पदरी करून भांड्याच्या तोंडावर घट्ट बसवावे. गाळताना वरची बाजू नेहमी वरच राहील हे पाहावे. उलटसुलट केल्यास अडवलेले सारे पुन्हा पाण्यात जाते. नंतर ते धुवून कडक उन्हात वाळवावे. पावसाळी दिवसांत ऊन नसेल तर उकळत्या पाण्यात बुडवून काढावे.

निर्जंतुक करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे उकळणे. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी आणि ती एक मिनिट टिकू द्यावी. क्लोरीनला दाद न देणारे परजीवीही त्यात मरतात. उकळणे शक्य नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण किंवा गोळी, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. यंत्र असेल तर त्याची गाळणी वेळच्या वेळी बदलावी. बुरसटलेली गाळणी असलेले यंत्र हे खोटे समाधान आहे.

साठवणीचे भांडे झाकलेले असावे आणि त्यात हात बुडवू नये. लांब दांड्याचा ओगराळा किंवा तोटी वापरावी. स्वच्छ पाणी घरात आल्यावर हातामुळे दूषित होणे ही फार नेहमीची गोष्ट आहे.

आणि तरीही जुलाब झालेच तर? एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवावे आणि थोडेथोडे पाजत राहावे. दवाखान्यातून मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. अंगावरचे दूध बंद करू नये. तांदळाच्या धुवणासारखे पाण्यासारखे जुलाब, डोळे खोल जाणे, लघवी थांबणे, मूल मलूल होणे, जुलाबात रक्त, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. पटकीत काही तासांतही जीव जाऊ शकतो. वेळेवर पाणी आणि क्षार मिळाले तर बहुसंख्य रुग्ण वाचतात.

गावात काय करावे

मतलबच्या स्त्रिया केवळ कोणाच्या प्रयोगाचा विषय नव्हत्या. पाणी कोण भरते, कोठून भरते, कोणत्या ऋतूत ते हिरवे होते, फडके का टाळले जाते, हे त्यांनाच ठाऊक होते. त्या बोलल्या नसत्या तर संशोधकांना फक्त जीवाणू दिसला असता, तो घरात कसा शिरतो हे दिसले नसते. पाण्यातील रोगजंतूंचा अभ्यास लोकांना सोबत घेऊन करायचा तो यासाठी. आपल्यालाही त्यात भाग घेता येतो, आणि त्यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही.

पाण्यात विष्ठेचा अंश आहे का हे ओळखण्याची एक सोपी कसोटी भारतातच तयार झाली. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली जगापुढे मांडली. छोट्या बाटलीत रसायन लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरून, झाकण लावून बाटली उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर ते दूषित असल्याची दाट शंका घ्यावी. तिच्यालाही मर्यादा आहेत. काही भूजल नैसर्गिक कारणांनी काळे पडू शकते आणि बाटली काळी झाली नाही म्हणून विषाणू नाहीतच असे म्हणता येत नाही. म्हणून काळ्या बाटलीचे पाणी पक्क्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावे. बाटली मुलांच्या हाती देऊ नये आणि टाकण्यापूर्वी त्यात ब्लीचिंग पावडर घालून ती निर्जंतुक करावी.

ऑगस्ट २०१९मध्ये घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच जणांना, शक्यतो स्त्रियांना, पाणी तपासणीचे प्रशिक्षण आणि तपासणी संच देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातील त्या पाच जणी कोण, हे विचारा. शेवटची तपासणी कधी झाली, निकाल काय आला, तो ग्रामपंचायतीच्या फलकावर का नाही, हेही विचारा. महाराष्ट्रात गावाच्या पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. आपल्या गावाचा रंग आपल्याला माहीत असावा. टीसीएल पावडर उघड्या पोत्यात पडून तिचे बळ गेलेले तर नाही ना, ओटी तपासणीत शेवटच्या घराच्या नळालाही पिवळी छटा येते की नाही, ही पाहणी कोणत्याही जागरूक गृहिणीला जमेल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू मुळीच आढळता कामा नये, आणि निर्जंतुक केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी प्रश्न विचारताना आवाज बदलतो.

शहरातील वाचकांनीही मागे राहू नये. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली? जलवाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी शेजारून तर जात नाहीत ना? टँकरचे पाणी कोठून येते आणि त्यात क्लोरीन असते का? जिन्यात भेटणाऱ्या चार घरांत जुलाब आहेत असे कळले, तर ती बातमी गप्पांतच राहू देऊ नका, आरोग्य खात्याला कळवा. साथ ओळखण्याचे पहिले साधन पुष्कळदा असेच एखाद्या शेजारणीचे निरीक्षण असते.

वाचकहो, या पंधरवड्यात एक करा. घरातल्या वयस्क स्त्रीला विचारा, तुम्ही पाणी कसे भरत होता, कसे गाळत होता, कोणत्या महिन्यात कोणत्या विहिरीचे पाणी पीत नव्हता. त्या जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. मग आपल्या आजच्या पाण्याची चौकशी सुरू करा. त्या वहीतली एखादी ओळ, मतलबच्या जुनेरासारखी, उद्या कोणाच्या तरी मुलाचा आजार टाळण्याच्या उपयोगी पडेल.